भंडारदरा जलाशयाची सहल : काळ, मुक्काम आणि मर्यादा

संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी व नेवासें या तालुक्यांतील बागाइतदार आपल्या पाटास येणाऱ्या पाण्याचा हिशेब फार काटेकोरपणें ठेवतो. पाळी केव्हां सुटली, चारीवर पाणी किती तास चाललें, शेवटच्या शेतास किती पोहोंचलें, हें त्यास तोंडपाठ असतें. परंतु हें पाणी ज्या ठिकाणीं सांठतें तो भंडारदऱ्याचा जलाशय सावकाशीनें पाहिलेले बागाइतदार थोडेच आढळतात. मुंबई, पुणें व नाशिक येथील मंडळी मात्र सुटीच्या दिवशीं तेथें मोटारींची रांग लावितात. ज्यांचा ऊंस व ज्यांचा गहूं त्या पाण्यावर उभा आहे त्यांनींच तें स्थान न पाहावें, हें ठीक नव्हे.

जलाशयाच्या कांठीं एक किंवा दोन रात्री मुक्काम करावयाचा झाल्यास त्याची आखणी कशी करावी, कोणत्या ऋतूंत काय पाहावयास मिळतें, मुक्काम कोठें व कोणाकडे करावा, आणि कोणत्या गोष्टी टाळाव्या, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आमचें मुख्य सांगणें एवढेंच कीं, ही सहल काळ निवडून, थोड्या माणसांनीं व तेथील रहिवाशांच्या आश्रयानें करावी. तसें न केल्यास पैसा व वेळ तर वायां जातोच, शिवाय जें पाहण्यास जावयाचें तेंच आपल्या जाण्यानें नाहींसें होतें.

जलाशयाची ओळख

प्रवरा नदी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोलें तालुक्यांत, रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. भंडारदऱ्यापाशीं दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. त्या चिंचोळ्या जागीं दगडी धरण बांधण्याचें काम १९१० सालीं सुरू झालें व १९२६ सालीं पुरें झालें. धरणाची उंची सुमारें ८२ मीटर, म्हणजे २७० फूट आहे. त्या वेळच्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नांवावरून त्यास विल्सन धरण म्हणूं लागले. जलाशयास आर्थर हिल या नांवानें ओळखीत. त्याची सांठवण सुमारें ११ हजार दशलक्ष घनफूट आहे. हल्लींच्या बोलींत सांगावयाचें तर अकरा टीएमसी. १९६९ सालीं धरणाच्या भिंतीस तडे गेल्याचें आढळून आलें. त्यानंतर मागून आधारभिंती बांधून तें बळकट करण्यांत आलें. धरणाच्या पायथ्याकडून पाहिल्यास हें काम दृष्टीस पडतें, व आपले पाट किती जपून ठेविलेल्या भिंतीवर अवलंबून आहेत याची कल्पना येते.

धरणांतून सुटलेलें पाणी वीज उत्पन्न करून नदीच्या पात्रानें निळवंडें धरणाकडे येतें, व पुढें संगमनेर तालुक्यांतील ओझरच्या बंधाऱ्यापाशीं डाव्या व उजव्या कालव्यांत वळविलें जातें. निळवंडें धरणाच्या डाव्या कालव्यांत २०२३ सालीं प्रथम पाणी सोडण्यांत आलें. उरलेली नदी नेवासें तालुक्यांत प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते, म्हणून पैठणच्या जायकवाडी जलाशयाचाहि या पाण्याशीं संबंध पोहोंचतो. प्रवरा व गोदावरी कालव्यांमुळें शेतीस प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष काय लाभ झाला याची पाहणी प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांनीं केली, व तिचा अहवाल गोखले अर्थशास्त्र संस्थेनें १९४८ सालीं प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच विठ्ठलराव विखे पाटील व गाडगीळ यांच्या प्रयत्नानें लोणी येथें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना चालूं झाला. भंडारदऱ्याचें पाणी नसतें तर त्या कारखान्यास गाळण्यास ऊंस मिळाला नसता.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावी. जलाशयाच्या पश्चिमेस घाटघर हें गांव सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर आहे. तेथें वर्षास दोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेंत साठ किलोमीटरांच्या आंत संगमनेर आहे, आणि तेथें वीस इंचहि पाऊस पडत नाहीं. डोंगरानें अडविलेला पाऊस आपल्या कोरड्या पट्ट्यास नेऊन पोहोंचविणें, एवढेंच त्या धरणाचें काम आहे. सहलीस गेलेला मनुष्य ओझरपासून घाटघरपर्यंत जातां जातां हा फरक डोळ्यांनीं पाहूं शकतो. वाटेंत बाभूळ व बोर मागें पडून हिरडा, जांभूळ व करवंदीच्या जाळ्या लागतात, बाजरीच्या जागीं भात येतो, आणि घरांचीं छपरें अधिकाधिक उतरतीं होत जातात.

काळ कोणता निवडावा

जलाशय बारमाही तोच असला तरी त्याचीं रूपें चार आहेत, आणि चारहि एका वेळीं पाहावयास मिळत नाहींत. म्हणून काय पाहावयाचें हें आधीं ठरवावें व मग पंचांग उघडावें.

पहिला काळ रोहिणी नक्षत्राचा, म्हणजे मेअखेरपासून मृगाचा पाऊस जोरानें लागेपर्यंतचा. या दिवसांत जलाशयाभोंवतालच्या रानांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे जमतात. एकेक झाड सबंध लुकलुकतें, व पुष्कळदां सारे काजवे एका तालांत पेटतात व विझतात. हा प्रकाश म्हणजे नरमादीची परस्परांस ओळख पटविण्याची खूण होय. या अवस्थेंत काजव्याचें आयुष्य थोड्या दिवसांचें असतें. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपानें जमिनींत व पालापाचोळ्याखालीं जातो. शेतकऱ्यांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ही अळी मांसाहारी असून गोगलगायींवर उपजीविका करिते. २०२२ सालीं लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनीं सोयाबीनचे कोंब फस्त करून दुबार पेरणीची पाळी आणिली होती, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. काजव्याची अळी तेवढ्या मोठ्या उपद्रवाचा बंदोबस्त करील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गोगलगायीचा जो शत्रू निसर्गानें आपल्या बांधावर ठेविलेला आहे त्यास ओळखणें व राखणें शहाणपणाचें आहे.

काजवे पाहण्यास अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार-पांच रात्री उत्तम. चांदणें असल्यास त्यांचा प्रकाश फिका दिसतो, व त्यांस एकमेकांची खूणहि नीट पटत नाहीं. मोटारीच्या दिव्यांनीं व विजेऱ्यांच्या झोतांनीं तर ही खूण पार बुजून जाते, जोड जमत नाहीं, व पुढील वर्षाची पैदास घटते. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत येतो. तें १९८६ सालीं जाहीर झालेलें आहे. काजव्यांच्या दिवसांत वनखातें प्रवेश-फी घेतें, व कोठवर आणि किती वाजेपर्यंत जावें याचे नियम घालतें. ते वर्षागणिक बदलूं शकतात, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी. गाडी गांवांत उभी करून पायीं जावें. विजेरी लागलीच तर तीवर लाल कागद गुंडाळून ती जमिनीकडे धरावी. काजवे बाटलींत भरण्याचा मुलांचा हट्ट पुरवूं नये.

दुसरा काळ आषाढ व श्रावण यांचा. या दिवसांत कडे पांढऱ्या धारांनीं भरून जातात, रंध्याचा धबधबा रोरावतो, आणि भातखाचरांत आवणी चाललेली असते. जलाशय १५ ऑगस्टच्या सुमारास भरतो असा त्याचा लौकिक आहे. धरणाच्या पायथ्याशीं गोलाकार खडकावरून पाणी छत्रीसारखें पसरून पडतें, त्यास अंब्रेला धबधबा म्हणतात. मात्र धरणांतून त्या बाजूस पाणी सोडलेलें असेल तरच तो दिसतो. रंध्याचें पाणीहि विजेसाठीं वळविलें जात असल्यामुळें पावसाळा सोडून तेथें गेलेल्यांची बहुधा निराशा होते. या काळांत तंबूंत मुक्काम मुळींच करूं नये. वारा, धुकें व मुसळधार पाऊस यांपुढें कापडी तंबूचा निभाव लागत नाहीं. पक्क्या छपराखालींच राहावें. शनिवार, रविवार व स्वातंत्र्यदिन हे दिवस टाळावे, कारण त्या दिवशीं अरुंद रस्त्यावर गाड्या तासन्‌तास अडकून पडतात. शेतकऱ्यास रविवारचें बंधन नाहीं. त्यानें मंगळवार-बुधवार निवडल्यास तीच जागा निवांतपणें मिळते.

तिसरा काळ भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंतचा. पाऊस ओसरलेला, जलाशय कांठोकांठ, पठारांवर सोनकीचीं पिंवळीं फुलें, आणि खाचरांत भात निसवून पिकण्याच्या बेतांत, असा हा थाट असतो. घरांतील वृद्ध माणसें व लहान मुलें यांस न्यावयाचें असल्यास याहून चांगला काळ नाहीं. फक्त दिवाळीच्या सुटीचा आठवडा वगळावा.

चौथा काळ मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा. तंबूंत राहण्याची हौस असेल त्यांनीं हेच दिवस निवडावे. जमीन कोरडी असते, आकाश स्वच्छ असतें, व रात्रीं तारे इतके दिसतात कीं ओळखीचीं नक्षत्रेंहि त्यांच्या गर्दींत शोधावीं लागतात. जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसातशें मीटर उंचीवर असल्यामुळें पौषांत थंडी कडाक्याची पडते. चैत्र-वैशाखांत दुपारचें ऊन असह्य होतें, आणि रब्बी व उन्हाळी आवर्तनें सुटल्यामुळें पाणी खालीं गेलेलें असतें. त्या वेळीं दूरवर उघडा पडलेला गाळ पाहून कित्येक जण हिरमुसतात. पण तें पाणी कोठें गेलें हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

ज्याच्या शेतास पाटपाणी आहे त्यानें आणखी एक तारीख पाहावी लागते. आपल्या चारीची पाळी तोंडावर असतांना घर सोडूं नये. पाळी संपून वाफसा येईपर्यंतचे जे दोन-तीन दिवस रिकामे मिळतात, तेच या सहलीस सोयीचे.

मार्ग आणि सामान

आपल्या बाजूनें जाणारांस संगमनेरहून अकोलें, राजूर, रंधा व शेंडी असा सरळ मार्ग आहे; अंतर सुमारें पासष्ट किलोमीटर. शेंडी हें धरणालगतचें गांव होय. नाशिक किंवा मुंबईकडून येणारे घोटीहून बारी गांवावरून उतरतात. राजूर ही वाटेंतील शेवटची मोठी बाजारपेठ असल्यामुळें इंधन, औषधें व रोख पैसे यांची तजवीज तेथपर्यंत करून घ्यावी. पुढें कित्येक ठिकाणीं दूरध्वनीस तार लागत नाहीं, आणि तसें झालें म्हणजे फोनवरून पैसे देण्याची सोयहि बंद पडते. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत. ते परततांना घ्यावे.

सामान थोडें पण नेमकें असावें. दोन विजेऱ्या, हिंवाळ्यांत घोंगडी किंवा जाड कांबळें, पायांत पूर्ण झांकणारे जोडे, पाण्याचीं भांडीं, नेहमींचीं औषधें, जुलाबावरील क्षारसाखरेच्या पुड्या, आणि कचरा परत आणण्यासाठीं एक रिकामें पोतें, एवढें पुरे होतें. रात्रीं अनवाणी फिरूं नये व जोडे झटकल्यावांचून घालूं नयेत. सर्पदंश झाल्यास दोरी आवळणें, चिरा देणें किंवा मांत्रिकाकडे नेणें यांत घटका न दवडतां रोग्यास न चालवितां राजूर किंवा अकोलें येथील सरकारी दवाखान्यांत न्यावें.

मुक्काम कोणाकडे करावा

शेंडी येथें राज्य पर्यटन महामंडळाचें निवासस्थान आहे, व इतर विश्रामगृहेंहि आहेत. परंतु आमची शिफारस जलाशयाभोंवतालच्या लहान लहान गांवांतील मुक्कामाची आहे. मुरशेत, पांजरें, घाटघर, साम्रद अशा गांवांतील तरुणांनीं तंबू घेऊन ठेविले आहेत. माणशीं ठराविक रक्कम घेऊन ते तंबू, रात्रीचें जेवण व सकाळचा चहा-फराळ देतात. जेवणांत नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलें व भात असा घरगुती स्वयंपाक मिळतो. शहरांतील दलालामार्फत जागा ठरविल्यास त्या रकमेंतील मोठा वांटा दलालाकडेच राहतो. म्हणून गांवांतील माणसाशीं थेट बोलून ठरवावें.

ठरवितांना पुढील गोष्टी विचारून घ्याव्या. तंबू ज्या जमिनीवर उभा राहणार ती कोणाची? महसुलाच्या कागदांत हयात गेल्यामुळें हा प्रश्न आम्हांस प्रथम सुचतो, पण तो केवळ संवयीचा नव्हे. जलाशयाच्या भरतीच्या रेषेखालील जमीन धरणासाठीं संपादन झालेली आहे. पाणी उतरल्यावर ती उघडी पडते, तीस आपण गाळपेर म्हणतों. दिसावयास ती पाण्याजवळची व रम्य. पण तेथें तंबू ठोकण्याचा हक्क कोणाचाहि नसतो, आणि कांहीं विपरीत घडल्यास जबाबदार धरावयास कोणी सांपडत नाहीं. यजमानाच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरील शेतांत, पाण्यापासून कांहीं अंतरावर व उंचवट्यावर मुक्काम असावा. दुसरें, स्त्रियांसाठीं दार लागणारें शौचगृह आहे कीं नाहीं. तिसरें, पिण्याचें पाणी कोठलें. चौथें, शेजारच्या तंबूंत दारू व कर्णे चालतात कीं काय. चालत असल्यास ती जागा सोडावी. कुटुंबासहित राहण्याजोगी ती नव्हे.

यजमानांविषयीं दोन शब्द लिहिणें आवश्यक आहे. या खोऱ्यांत मुख्यतः महादेव कोळी व ठाकर लोकांची वस्ती आहे. इंग्रजी अमलाविरुद्ध उठाव करून १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेलेले राघोजी भांगरे याच मुलखांतील देवगांवचे. धरण झालें तेव्हां खोऱ्यांतील सपाट व सुपीक जमीन पाण्याखालीं गेली, आणि सांठलेलें पाणी खालच्या तालुक्यांस आलें. पाट निघतात ओझरपासून. वरच्या उतारावरील शेतांस त्यांचा उपयोग नाहीं. दोनशें इंच पाऊस अंगावर घेणाऱ्या वाड्यांतील बायकांस वैशाखांत हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर जावें लागतें, ही वस्तुस्थिति आहे. आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जातों तेव्हां हें विसरूं नये. ठरलेली रक्कम घासाघीस न करितां द्यावी. त्यांच्याजवळ विकण्यास काळभात, नागली, वरई किंवा मध असल्यास त्यांच्या भावानें घ्यावा. धान्याचें मोल काय असतें हें शेतकऱ्यास शेतकऱ्यानें सांगावयाचें नसतें.

ज्यांस बियाण्यांची आवड आहे त्यांनीं याच तालुक्यांतील कोंभाळणें गांवाचें नांव टिपून ठेवावें. गांवठी वाणांचें बियाणें जतन करणाऱ्या राहीबाई पोपेरे यांची बीजबँक तेथें आहे. त्यांच्या कार्यासाठीं त्यांस २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. तेथें जाणाऱ्यांनीं आधीं कळवून जावें.

पाण्याशीं खेळ नको

विहिरींत पोहावयास शिकलेला मनुष्य जलाशयांतहि निर्धास्तपणें उतरतो, आणि तेथेंच घात होतो. विहिरीचें पाणी ओळखीचें व कांठ हाताशीं असतात. जलाशयाचा तळ पूर्वींचीं शेतें, ओढे व कडे यांचा बनलेला असल्यामुळें गुडघाभर पाण्यांतून पुढचें पाऊल एकदम खोल जातें. कांठच्या गाळांत पाय रुततो तो सुटत नाहीं, व खोलावरील थंड पाण्यानें अंगांत गोळे येतात. नदीच्या पात्रांत वरून पाणी सोडलेलें असल्यास ओढ किती आहे हें कांठावरून कळत नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत अकोलें तालुक्यांतच सुगांव येथें प्रवरेंत बुडालेल्यांचा शोध घेण्यास राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची नौका गेली असतां ती उलटून दलाचे तीन जवान मृत्यु पावले. ज्यांचा धंदाच पाण्यांतून माणसें काढण्याचा, त्यांची जेथें ही गत झाली, तेथें सहलीस आलेल्यानें पोहण्याची हौस भागवूं नये. नावेंत बसावयाचें असल्यास तरंगणारें जाकीट अंगांत घातल्यावांचून बसूं नये, व नावाडी तें देत नसेल तर परतावें.

विस्तव व कचरा यांविषयींहि असाच निर्बंध पाळावा. माघापासून गवत वाळलेलें असतें. एका ठिणगीनें डोंगर पेटतो. शेकोटी यजमान जेथें सांगेल तेथेंच, त्यानें दिलेल्या लांकडांची करावी व निजण्यापूर्वीं पाणी ओतून विझवावी. अभयारण्यांतील लांकूड तोडणें हा गुन्हा आहे. प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या जलाशयांत टाकिल्यास त्यांचा प्रवास कोठें संपतो हें आपणांस चारीच्या तोंडाशीं अडकलेल्या कचऱ्यावरून ठाऊक आहेच. पाटास पाणी येणार तें तेथूनच येणार. तेथें केलेली घाण आपल्याच दारांत उतरते.

दोन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशीं पहांटे निघून प्रथम ओझरचा बंधारा पाहावा. कालव्याचें तोंड पाहून मग धरण पाहिलें म्हणजे सारी रचना ध्यानांत येते. अकोल्यास प्रवरेच्या तीरीं अगस्ति ऋषींचें स्थान आहे; तेथें दर्शन घेऊन राजूरकडे वळावें. वाटेंत रंधा. तेथें कठड्याच्या पलीकडे जाऊं नये; शेवाळलेला खडक साबणाहून निसरडा असतो. दुपारच्या सुमारास शेंडीस पोहोंचून धरण पाहावें. भिंतीवर जाण्यास सुरक्षेमुळें मनाई असल्यास पायथ्याकडूनच पाहावें व पहारेकऱ्याशीं वाद घालूं नये. दिवस मावळण्यापूर्वीं मुक्कामीं पोहोंचावें, म्हणजे तंबूची जागा, वाट व शौचगृह उजेडीं पाहून ठेवितां येतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जलाशयास वळसा घालावा. हा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा आहे. त्यांत रतनवाडी लागते. तेथील अमृतेश्वराचें काळ्या दगडाचें देवालय व त्याजवळील पुष्करिणी या दोहोंवरील कोरीव काम पाहण्यास एक तास तरी द्यावा. पुढें घाटघरला कोंकणकड्यावर उभें राहिलें म्हणजे एका बाजूस कोंकण खोल दिसतें व दुसऱ्या बाजूस आपल्या खोऱ्याचा उतार सुरू होतो. समुद्रावरून आलेला ढग येथें रिता होतो, आणि पूर्वेकडचा वांटा प्रवरेस मिळतो. रतनगड किंवा कळसूबाई चढावयाचें मनांत असल्यास त्यासाठीं स्वतंत्र दिवस राखावा. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रांत सर्वांत उंच आहे. बारी गांवांतून चढण्या-उतरण्यास बहुतेक सबंध दिवस लागतो. साम्रदजवळील सांदण दरींत कोरड्या ऋतूंतच व गांवचा वाटाड्या घेऊनच उतरावें.

माणसें दहा-बाराहून अधिक नसावीं. लहान गांवांतील यजमानास तेवढ्यांचेंच नीट करितां येतें, आणि तेवढ्यांनाच शांत राहतां येतें. एकाच चारीवरील वरच्या व शेवटच्या शेतांचे मालक एकत्र गेल्यास अधिक बरें. पाळीच्या वेळीं ज्यांचें एकमेकांशीं बोलणें तुटतें, त्यांस धरणाच्या भिंतीपाशीं उभें राहून तें पाणी किती आहे व कितीजणांचें आहे हें सोबतीनें पाहतां येईल. काजव्यांसाठीं जावयाचें असेल त्यांनीं ज्येष्ठाच्या तोंडाशीं येणारी वैशाख अमावास्या पंचांगांत आतांच पाहून ठेवावी व यजमानास महिनाभर आधीं कळवावें; आयत्या वेळीं जागा मिळत नाहीं.